पाटावरची एलंकी

आमच्या घरात कमी शिकलेले सगळेच, पण मी जरा जास्तच कमी शिकले. चौथीत बाईंनी हातात पाटी दिली, आईने विळा दिला, आणि दोघींमध्ये आईचा हात जड होता. त्याचं मला दुःख वगैरे काही झालं नाही. दुःख करायला सवड लागते आणि बदलापूर गावात तेव्हा पोरींना ती मिळत नसे. कौलारू घर, पुढे पडवी, मागे चूल. सकाळी वारा अंबरनाथच्या बाजूने असला की कंपनीचा भोंगा ऐकू यायचा, नसला की भातगिरणीची धडधड. दोन्ही नसलं की आईचं तोंड असायचंच. भाकरी तांदळाची, सोबत सुकट, आणि सुकट नसेल तेव्हा सुकटीचा वास. शेजारचे भाजायचे, आम्ही खायचो. आता कात्रपला आमच्या बिल्डिंगीत कुणी सुकट भाजली की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो. मी दार उघडं ठेवून भाजते. वाचू द्या सगळ्यांना.

बाबा अंबरनाथला फिटर होते. हात असा की गावात कुणाची मोटर बंद पडली की आधी बाबांना हाक, मग देवाला. पण खंडेनवमीला ते कुणासाठी उठायचे नाहीत. त्या दिवशी हत्यार धरायचं नसतं, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत. कोयता, विळा, पहार, बाबांचे पाने, सगळं घासून धुवून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. दसऱ्याला सकाळी पुन्हा पूजा करून मगच उचलायचं. कंपनीतही कामगार मशिनला हार घालत. एका वर्षी मोठा माल बाहेर जायचा होता. साहेब म्हणाला, हार घालून झाला ना, मग चालू करा. बाबांनी चालू केलं. मशिनने उजव्या हाताची तीन बोटं घेतली. कंपनीने नारळ दिला, शाल दिली आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळाला काटे तीन, म्हणजे फिट्टंफाट झाली. पुढे नोकरी गेली आणि पान्यांची पेटी भंगारवाल्याकडे गेली. मग कितीतरी वर्षं नवमीला पाटावर आईची विळी आणि एक कोयता, एवढंच बसायचं. बाबा तरी पाट पुसून मांडायचे, मोठ्या लग्नाला दोनच पाहुणे आल्यासारखे.

मी कामाला लागले उल्हासनगरला, कॅम्पातल्या एका जुन्या बराकीत. मालक लछूशेट. पोट असं की आधी पोट दारातून यायचं, मग शेट. पण माणूस वाईट नव्हता. शिव्या सगळ्यांना सारख्या द्यायचा, त्यात दुजाभाव नाही. त्याचा भाऊ हाँगकाँगला. तिथून रिमोटवर चालणाऱ्या गाड्या यायच्या. कशा यायच्या ते कुणी विचारत नसे, म्हणून मीही विचारलं नाही. अंबरनाथ, कल्याण, पार मुंबईच्या बड्या लोकांची पोरं त्या गाड्या भिंतीवर आपटायची आणि मग त्या आमच्याकडे यायच्या, दवाखान्यात आणल्यासारख्या कापडात गुंडाळून. मला ठेवलं होतं खोक्यांना चिकटपट्टी लावायला. दुरुस्ती करायचा नंदू. तो बाकड्यावर बसून नुसता हात पुढे करायचा आणि म्हणायचा, दे. काय दे ते सांगणार नाही. चुकीचं दिलं की तेच फेकून मारायचा. याला आता ट्रेनिंग म्हणतात आणि फी घेतात म्हणे. मी फुकटात शिकले, कपाळावर दोन खुणा आहेत.

त्या गाड्यांची हत्यारं आपल्या पेटीतली नव्हती. घरातला चार धारांचा स्क्रू ड्रायव्हर पुढून टोकदार असतो, तो जपानी स्क्रूत बसतच नाही, वर चढतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. त्यांचा वेगळा, बोथट नाकाचा. मग चाकाच्या नटाला चार तोंडांचा पाना. बारक्या नटांना नळीचा पाना, नळीत नट बसवायचा आणि फिरवायचा. शॉकअप धरायला मऊ दातांची पक्कड, साधी लावली तर दांडीला चरे पडतात आणि तेल गळतं. प्लास्टिकच्या टपाला, म्हणजे गाडीच्या वरच्या कवचाला, भोक मोठं करायला गाजरासारखं निमुळतं हत्यार, आम्ही त्याला गाजरच म्हणायचो. टप कापायला वाकडी कात्री. आणि सगळ्यात छळणाऱ्या त्या एलंक्या, सहा कोनांच्या सळया. काही गाड्या मिलिमीटरच्या, काही इंचाच्या. एक एलंकी दीडची, दुसरी तिच्याहून केसभर जाड. बघून कळत नाही. जाडीच्या जागी बारीक घातली की स्क्रूचे सहा कोन झिजून गोल होतात, मग बसा रडत. नंदूला आकडे वाचता यायचे, मला तेवढे बारीक दिसायचे पण नाहीत आणि कळायचेही नाहीत. म्हणून मी शेटच्या बायकोकडून, भाभीकडून, संपत आलेल्या नेलपॉलिशच्या बाटल्या घेतल्या. दीडला गुलाबी, तिच्या जाडीला जांभळा, दोनला लाल. नंदू हसला. मग महिन्याभराने तोही रंगच मागायला लागला.

तो दुबईला गेला, आणि बाकडं रिकामं झालं. शेट म्हणाला, "अडी शेवंती, बैठ के देख. एक गाडी आयी है अंबरनाथ के बिल्डर की. पूरी खुली पडी है. वो चल गयी तो बाकडा तेरा. नहीं चली तो कल्याण से मेरे साले का आदमी आयेगा और तू वापस चिकटपट्टी."

मी म्हटलं, "आणि चिकटपट्टीला कोण बसेल?"

"वो भी साले का ही आदमी."

म्हणजे मग माझ्यासाठी उरली वीटभट्टी. आमच्या आळीतल्या अर्ध्या बाया तिथेच जायच्या. डोक्यावर विटा वाहून वाहून मान अशी ताठ व्हायची की लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे. मला तो रुबाब नको होता. मला ते बाकडं हवं होतं. गाडी दसऱ्याला दुपारी द्यायची होती, भाग सगळे साफ झाले होते, फक्त जोडणं बाकी. आरामात होणार होतं.

मध्ये आले बाबा. नवमीच्या आदल्या दिवशी सकाळी म्हणाले, "तुझी हत्यारं घरी आण. पूजेला."

"बाबा, ती शेटची हायत."

"चालवतं कोन?"

"मी."

"मग तुझी. हत्यार ज्याच्या हाती चालतं त्याचं."

एवढं लांब वाक्य ते बोटं गेल्यापासून बोलले नव्हते. मी शेटला विचारलं, तो म्हणाला ले जा, पण दसऱ्याला सकाळी सगळी परत पाहिजेत. कापडाच्या पुंगळीत गुंडाळून मी ती घरी आणली. नवमीला पहाटे मी नदीवर धुणं घेऊन गेले, तेवढ्यात आईने आपलं काम केलं. चिंच, राख आणि काथ्या घेऊन एकेक हत्यार असं घासलं की चांदीचं वाटावं. मी आले तर पाटावर सगळी उंचीने मांडलेली, लग्नाच्या फोटोत उभी करतात तशी, बुटकी पुढे, लांब मागे. प्रत्येकीच्या कपाळाला हळदकुंकू. आणि गुलाबी, जांभळा, लाल, एकावर रंगाचा कण नाही.

"आई, रंग कुठाय?"

"काय ती नखाची घाण लावलेली हत्याराला! देवापुढं ठेवायचं ना?" आई म्हणाली. "मेहनत लागली बाय काढायला. राखेनं निघंना, मग इटकरीनं घासलं."

काय बोलणार, एवढ्या मेहनतीने तिने माझं आयुष्यात कधी काही केलं नव्हतं. म्हटलं उद्या बाकड्यावर बसून एकेक लावून बघू, वेळ आहे.

दुपारी भोपळ्याचे घारगे तळत होतो तर आळीत मोटरीचा हॉर्न. आमच्या आळीत मोटर म्हणजे एक तर मंत्री नाहीतर चुकलेला माणूस. निघाला लछूशेट. मागच्या सीटवर खोकं, खोक्यात बिल्डरची गाडी, हाडं मोकळी झाल्यासारखी. घामाने सदरा भिजलेला.

"शेवंती! वो बिल्डर कल सुबह बाहर जा रहा है. आज शाम को गाडी चाहिये. चल, बैठ मोटर में, औजार उठा."

मी पडवीतल्या पाटाकडे बघितलं. बाबा जागचे उठले आणि पाट आणि शेट यांच्या मध्ये येऊन उभे राहिले. "आज नाय, शेट. आज हत्यार उचलायचं नाय."

"अरे काका, एक घंटे का काम है!"

"माझं पण एका तासाचंच होतं." बाबांनी उजवा हात वर केला. आशीर्वाद देताना वर करतात तसा. दोन बोटांचा आशीर्वाद.

शेटने हात बघितला, सदऱ्याने घाम पुसला. "काका, मैं समझता हूँ. पर बिल्डर नहीं समझता. गाडी नहीं मिली तो वो आगे एक भी गाडी मेरे पास नहीं भेजेगा. फिर मैं बाकडे पे किसको बिठाऊँ? क्यों बिठाऊँ?" मग माझ्याकडे वळून, "तू बोल. औजार मेरे, गाडी मेरी, नौकरी तेरी. बोल."

आता सांगतात, बाईने स्वतःचा निर्णय स्वतः घ्यावा. माझ्यासमोर तेव्हा एका बाजूला बापाची तीन बोटं, दुसऱ्या बाजूला विटांची टोपली, आणि मध्ये घारगे करपत होते. मी आधी घारगे काढले.

मग म्हटलं, "शेट, सण आमचा आहे. तुमचा नाही. तुमच्याकडे नवमीला हत्यार ठेवतात का?"

"नहीं. हमारा तो दिवाली को."

"मग तुम्हीच उचला. मी सांगते, तुम्ही करा."

आळीतल्या बाया एव्हाना कुंपणाशी जमल्या होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. शेटने बाबांकडे बघितलं. बाबांनी विचार केला. बराच केला. माझा जीव पाटावरच्या फुलात अडकलेला, कारण त्यांनी नकाराची मान हलवली असती तर मी पण शेटला हात लावू दिला नसता, हे मला ठाऊक होतं. शेवटी म्हणाले, "त्याला बोटं धा हायत. एखादं गेलं तरी चालंल." आणि बाजूला झाले.

तर आमच्या पडवीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, लछूशेट मांडी घालून बसला. मांडी घालायलाच थोडा वेळ गेला. मी समोर, हात पाठीमागे बांधून, म्हणजे चुकूनही पुढे जायला नको. शेट पाटावर वाकला, नमस्कार केला, आमच्या देवाला नाही, बाबांना, आणि पहिली सळई उचलली.

"ये?"

"ही नाय. शेजारची."

"सब एक जैसी हैं!"

"सख्ख्या बहिणी पण एकसारख्याच दिसतात, शेट. स्वभाव बघा. टोक स्क्रूत घाला. डुलते का?"

"थोडी."

"मग नाय ती. ठेवा. पुढची. आता?"

"नहीं डुलती."

"आता हात वर उचला. स्क्रू लटकून आला?"

"आया!" शेट असा ओरडला की कुंपणावरची कोंबडी उडाली. "देख, देख, लटका है!"

रंग गेले तेव्हा मला वाटलं होतं, माझे डोळे गेले. पण त्या दिवशी समजलं की रंग तर मी स्वतःला धीर द्यायला लावले होते. कुठली सळई शेवटाला जराशी वाकलेली, कुठल्या मुठीला नंदूच्या दाताचे व्रण, कुठली उचलल्यावर खाली कशी झुकते, हे सगळं लांबून कळत होतं. एक मात्र फसलं. नळीच्या पान्यात हळदकुंकू वाळून घट्ट बसलेलं, नट आत जाईना. शेट म्हणाला, "भगवान अंदर बैठ गया." आईने आतून डोक्यातली पिन काढून दिली, म्हणाली, पिन काय हत्यार नाय. शेटने देवाला पिनेने कोरून बाहेर काढलं.

चाकांच्या दात्यांचं मात्र नाजूक असतं. मोटरचं दातेरी चक्र मोठ्या चक्राला फार चिकटलं तर गाडी रडते, फार लांब राहिलं तर दाते तुटतात. मधे कागदाची पट्टी घालायची, दाबायचं, स्क्रू आवळायचा, मग पट्टी ओढून काढायची. मी आईला उदबत्तीच्या पुड्याची पट्टी द्यायला सांगितली. शेटने ती घातली, दाबली, आणि स्क्रू आवळताना जोर करायला लागला. त्याच्या एका हाताचं वजन माझ्या निम्म्या अंगाएवढं.

"हळू! तो सहा कोनाचा आहे, गोल झाला तर गाडी गेली!"

"ढीला रहेगा तो भी गयी!"

"मनगटानं नाय, दोन बोटांनी."

हे बाबा बोलले. खांबाला टेकून बसले होते, आत्तापर्यंत कुठे बघत होते काय माहीत. "दोन बोटांनी धरायचं. जिथं थांबलं तिथं थांबायचं. त्याच्याफुडं जोर करतो तो गाढव."

शेटने दोन बोटांनी धरलं. जिथे थांबलं तिथे थांबला. पट्टी सुळकन बाहेर आली. आणि मग एक गंमत झाली, जी मला तेव्हा गंमत वाटली नाही. शेटचे हात सुधारायला लागले. मी "दोनची" म्हणायच्या आत त्याने दोनची उचललेली. शॉकअप धरताना मऊ दाताची पक्कड स्वतःहून घेतली. जीभ बाहेर काढून, घाम पुसायचं विसरून काम करत होता. म्हणाला, "मेरा बाप सिंध से आया तब इसी कॅम्प में ट्रंक बनाता था. मैं ढक्कन के कब्जे ठोकता था, इतना सा था. फिर दुकान हो गयी. फिर पेट हो गया." घारगे खाल्ले चार, बोटं धोतराला पुसली माझ्या बापाच्या, आणि पुन्हा बसला.

ऊन उतरायच्या आत गाडी आळीतून पळाली. पोरं मागे, कुत्री पुढे, आई दारात ओरडतेय की तुळशीला लागेल. शेट रिमोट धरून हसत होता, पोट असं हलत होतं की मला वाटलं रिमोट त्यालाच जोडलाय. हत्यारं त्याने पुसून पाटावर परत ठेवली, जशी होती तशी, उंचीने. गाडी घेऊन गेला. मी म्हटलं, चला, बाकडं मिळालं.

दसऱ्याला सकाळी बाबांनी पूजा उतरवली, पुंगळी माझ्या हातात दिली, आणि मी उल्हासनगरला पोचले. बराकीत दाल-पकवानाचा वास सुटलेला. भाभी दारात तोरण बांधत होती. मला बघून डोळे मोठे केले आणि आत बोट दाखवलं.

बाकड्यावर शेट बसलेला. चष्मा लावलेला, जो तो फक्त लग्नपत्रिका वाचायला लावायचा. समोर दुसरी गाडी, तिचा टप काढलेला. बाकडं लहान, शेट मोठा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शेटच.

"आ गयी? रख दे इधर," म्हणाला, मान वर न करता.

भाभी हळूच म्हणाली, "बिल्डर ने पूछा किसने बनायी. ये बोले, मैंने."

आणि गंमत बघा, खोटं पण नव्हतं. एकही स्क्रू मी आवळला नव्हता. तशीच खाली पाहून मी उभी राहिले, पुंगळी छातीशी. वीटभट्टीवरच्या बाया डोळ्यासमोर आल्या, त्यांच्या त्या ताठ माना.

"शेट, कल्याणचा माणूस नको आता?"

"काहे को? मैं हूँ ना. तू ऐसे ही बाजू में खडी रह, कल जैसे. तू बोल, मैं करूँगा. पगार वही." मग वर बघितलं, चष्म्यातून डोळे बशीएवढे. "कितने साल बाद मजा आया, मालूम है तुझे?"

मला मालूम होतं. मला त्याचा राग येत नव्हता, हाच तर घोटाळा होता. काल मीच शिकवलं होतं, आणि मी चांगलं शिकवते.

"शेट," मी म्हटलं, "काल नवमी होती, म्हणून माझे हात बांधलेले होते. आज दसरा आहे. सरका."

"क्या?"

"सरका."

भाभी तोरण सोडून दारात आली. शेटने माझ्याकडे बघितलं, मग पुंगळीकडे, मग बाकड्याकडे, जणू तिथे अजून कुठे जागा आहे का ते शोधत. आणि सरकला. फार नाही, वीतभर. तेवढ्याने त्याचं अर्धं अंग हवेत गेलं. मी त्या वीतभर जागेत बसले, पुंगळी उलगडली, आणि दीडची काढली. गाडी दोघांच्या मधे. शेट एका पायावर तोल सांभाळत बघत राहिला. जेवणाच्या वेळेपर्यंत त्या पायाला अशा मुंग्या आल्या की उठताना भाभीला हात द्यावा लागला. मग तो पुढे दुकानात गेला, गादीवर. त्यानंतर बाकड्यापाशी यायचा तो चहा ठेवायला, आणि ठेवता ठेवता वाकून बघायला, की डुलतेय का.